पंधरवड्याचा बाप

२ मार्च १९३४, इगतपुरी

दुपारी पावणेदोनला तारयंत्रावर नाशिक रोडची हाक आली. पेन्सिल घेतली आणि नेहमीसारखा यंत्राच्या कडकडाटातून अक्षरामागून अक्षर उतरवत गेलो. माझंच नाव आलं तेव्हा हात थांबला आणि पुढची दोन अक्षरं सुटली. पुन्हा विचारावं लागलं. मुलगा झाला, दोघं सुखरूप, सावळीराम.

सहा वर्षं मी या स्टेशनात लोकांच्या तारा घेतोय. माझ्या नावाची तार ही पहिलीच. मास्तरांनी पेढे मागितले, हमालांनी मागितले. सगळ्यांना हो म्हणालो.

सगळे गेल्यावर एक गोष्ट मनात आली. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणून या वहीत लिहितो. तार करणाऱ्या दादांनी, माझ्या थोरल्या भावाने, त्याला माझ्याआधी पाहिलं.

१४ मार्च, इगतपुरी

काल बारसं झालं. तीन दिवसांची रजा मिळाली होती.

माझ्या बायकोला, भागूला, आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी, नाशिकला रविवार पेठेत झालं. कुसावहिनींनी सगळं केलं. पुढे दादांचं शिंप्याचं दुकान, मागे दोन खोल्या, एवढंच घर. वहिनींनी बाळंतिणीची खाट आतल्या खोलीत टाकली आहे. मधे एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे दादांचं मशीन.

मुलगा माझ्यासारखा दिसतो असं सगळे म्हणाले. नाव गोरक्ष ठेवलं, हाक गोरख. दादा मात्र त्याला मालक म्हणतात. "मालक उठले का? मालकांना ऊन लागतंय." गिऱ्हाइकं हसतात. मला जरा जास्तच वाटलं, पण थोरल्या भावाला काय बोलायचं. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादांनी मला शिकवलं, मॅट्रिक केलं, आणि स्वतः मशीनवर बसून राहिले.

मी घेतलं की मूल रडतं. "मशीन थांबलं म्हणून रडतोय," दादा म्हणाले आणि मशीनचं पायडल मारू लागले. खरंच गप्प झालं. माझ्या हातात होतं, पण गप्प झालं ते त्यांच्यामुळे.

६ मे

पंधरा दिवसांनी एकदा रविवार मिळतो. सकाळच्या गाडीने नाशिक रोड, तिथून टांगा, संध्याकाळी पाचला परत. हिशेब केला तर मी पोराला आठ तास बघतो आणि त्यातले तीन तो झोपलेला असतो.

आज वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हसायला लागला बरं का. मागच्या बुधवारी. ह्यांनी कात्री वाजवली तर खुदकन हसला."

मी कात्री वाजवली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कात्रीकडे, मग पडद्याकडे.

२२ जुलै

इगतपुरीला तीन आठवडे सूर्य दिसलेला नाही. कपडे वाळत नाहीत, वहीची पानं फुगली आहेत. नाशिकला उतरलो तर तिथे ऊन. दुकानाच्या पायरीवर दादा पोराला मांडीवर घेऊन बसले होते आणि बोटाने त्याचं तोंड उघडून, उन्हाकडे धरून आत बघत होते.

"काय बघताय?"

"दात मोजतोय."

"अजून कुठले दात?"

"नाहीत, तेच मोजतोय," म्हणाले, आणि त्याला खांद्यावर टाकून आत गेले.

भागू सांगत होती की हे रोज सकाळचं आहे. एक दिवस चुकत नाही. गिऱ्हाईक उभं असलं तरी आधी हे. मला हसू आलं आणि रागही आला. मी आलेला दिसल्यावर तरी पोर माझ्या हातात द्यावं की नाही.

तो पालथा पडू लागलाय. कोणत्या वारी ते मी विचारलं नाही. सांगितल्याशिवाय राहणार नव्हतेच. मंगळवारी.

९ सप्टेंबर

बसतो. उशी न लावता. खाली एक दात.

दादांना काही येतं म्हणून मूल त्यांच्याकडे जातं असं नाही. ते दिवसभर घरात असतात, एवढंच. मीही घरी शिलाई करत बसलो असतो तर माझ्याकडे आलं असतं. हे भागूला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "मग त्यात वाईट काय? माझं पोर कुणी टाकून दिल्यासारखं रडत नाही, हे बरं नाही का?"

तिला समजत नाही. घरात दादांना स्वतःचं मूल नाही, म्हणून सगळे जपून वागतात. एक होता, नामा. सव्वा वर्षाचा होऊन घशाच्या दुखण्याने गेला. सात वर्षं झाली त्याला. मी तेव्हा भुसावळला तार शिकत होतो, परीक्षा तोंडावर होती, येता आलं नाही. वाईट झालं, पण म्हणून दुसऱ्याचं मूल आपलं होत नाही.

२३ ऑक्टोबर, नाशिक

मुद्दाम दोन दिवसांची रजा काढली. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस पेठेत येणार होता. म्हटलं, या वेळी मी धरीन.

दादा म्हणाले, "मी धरतो, तुला सवय नाही."

"बाप आहे मी त्याचा," मी म्हणालो. ते बाजूला झाले.

मी मांडीवर घेऊन दंड धरला. माणसाने चार ठिकाणी ओरखडलं. गोरखने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. त्या माणसाकडे नाही, माझ्याकडे. जसं काही मीच केलं. मग त्याने श्वास कोंडून धरला आणि जे रडायला लागला ते दादांनी उचलून बाजारापर्यंत नेऊन आणलं तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी दंड सुजला, ताप चढला. माझ्याकडे येईना. रजा अशी गेली.

१६ डिसेंबर

आज लिहायलाच नको होतं. पण लिहितो.

मी दारात शिरलो. पोर रांगत दुकानात मशीनखाली चिंध्यांत बसलेलं. मी हाक मारली, "गोरख." त्याने वर बघितलं, हसला, आणि मशीनवरच्या माणसाच्या धोतराला धरून उभा राहत म्हणाला, "दा-दा."

वहिनी आतून म्हणाल्या, "ऐकलंत का भाऊजी? आठ दिवस झाले. स्पष्ट म्हणतो."

मी म्हणालो की सगळीच पोरं आधी दा-दा-दा करतात. ओठ न मिटता येणारं अक्षर आहे ते, त्याला अर्थ नसतो. हे तारेच्या शाळेतल्या माणसाने सांगावं तसं सांगितलं. दादांनी सुईत दोरा ओवला. पोर पुन्हा म्हणालं, "दादा." या वेळी मधे थांबलं नाही.

परतीच्या गाडीत ठरवलं. स्टेशनजवळच्या रेल्वेच्या खोल्यांतली एक मार्चअखेर रिकामी होतेय. उद्या सकाळी अर्ज देणार. भागू आणि मूल इथे येतील. पाऊस आहे, एकटेपण आहे, पण निदान तो कुणाचा आहे ते त्याला कळेल.

घरी अजून सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी १९३५, संक्रांत, नाशिक

चार दिवसांची रजा. दुपारी तीन वाजता लिहितोय. पोर माझ्या मांडीवर झोपलंय.

सकाळपासून त्याला जरा ताप. आवाज बसलाय, दूध नीट घेत नाही. थंडी आहे, सगळ्या पेठेत खोकला आहे. दादांनी नेहमीप्रमाणे पायरीवर नेलं, तोंड उघडलं. बराच वेळ बघत राहिले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"लहानू, टोपी घाल. डॉक्टरकडे जाऊ."

"सणाच्या दिवशी? घसा बसलाय नुसता."

"घशात पांढरं आहे. आत्ता चल."

"दुधाचं असेल."

"दुधाचं नाही. मला माहीत आहे ते कसं दिसतं."

तेव्हा मला राहवलं नाही. दहा महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, "दर वेळी तुम्हीच का ठरवायचं? तुमचा गेला म्हणून माझाही जाणार असं धरून बसू नका."

वहिनी तिळगुळाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या. दादांनी पोर माझ्या हातात दिलं आणि दुकानात जाऊन बसले. मशीन चालू झालं नाही.

भागू म्हणाली, "जाऊन तर येऊ. काय जातंय." मी म्हणालो, उद्या सकाळी बघू. ज्येष्ठमध उगाळून दिलंय. गळ्याला ओव्याची पुरचुंडी शेकतोय. दिवसभर मी त्याला खाली ठेवलेलं नाही. आज पहिल्यांदाच तो माझ्याजवळ इतका वेळ राहिला, रडलादेखील नाही. पडून राहिलाय.

बोललो ते कडू होतं. पण खोटं नव्हतं.

१९ जानेवारी

पाच दिवसांनी वही उघडतोय. जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं, एवढं तरी करायचं.

संक्रांतीच्या संध्याकाळी त्याचा गळा सुजून हनुवटीखाली एकसारखा झाला. श्वास घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला. ती रात्र लिहीत नाही. पहाटे मी दुकानाचा पडदा बाजूला केला. दादा टोपी घालून, पायात वहाणा घालून बसलेले होते. किती वेळचे कोण जाणे. उठले आणि टांगा आणायला गेले.

डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून बघितलं. घटसर्प, म्हणाले. घशातला पडदा खाली पसरतोय. त्यांच्याजवळ सीरम होतं, ते लगेच टोचलं, पण इतक्या पसरलेल्या दुखण्याला ते पुरं पडणार नव्हतं. आणखी मुंबईहून मागवायला हवं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे कालच दिसलं असणार. काल का आणलं नाही?"

भागू माझ्याकडे बघत होती.

दादा म्हणाले, "काल कळलं नाही साहेब. आम्ही अडाणी माणसं."

मी मॅट्रिक आहे. दादांना सही करता येते तेवढंच.

तिथून मी नाशिक रोडला गेलो. तिथला तारमास्तर ओळखीचा. त्याला उठवून मी स्वतः यंत्रावर बसलो. मुंबईला बोरीबंदरच्या तारघरात माझ्याबरोबर शिकलेला चंदर आहे. त्याला औषधाचं नाव, दुकानाचं नाव, सगळं पाठवलं. माझी टकटक इतकी अडखळत होती की त्याने उलट विचारलं, कोण पाठवतंय, नवा आहेस का. मी नाव सांगितलं. मग तो काही विचारेना. दुपारच्या गाडीने गार्डच्या हाती डबा पाठवला, गवतात बाटल्या गुंडाळून. मी फलाटावर उभा होतो. डबा घेऊन टांग्यात बसलो तेव्हा प्रथमच देवाचं नाव घेतलं.

डॉक्टर म्हणतात, आता श्वास मोकळा होतोय. एक दिवस उशीर झाला, हृदयाला जपावं लागेल.

एक दिवस. तो दिवस मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो.

२७ जानेवारी

घरी आणलं. दूध पाजलं की नाकातून परत येतं. डॉक्टर म्हणाले होतेच, या दुखण्यानंतर घशाची ताकद जाते, हळूहळू येईल. चमच्याने थेंब थेंब पाजतो. मीच पाजतो. महिनाभराची बिनपगारी रजा घेतली आहे.

आज वहिनी भांडी घासत असताना मी जवळ गेलो. काहीतरी बोलायचं होतं. त्याच म्हणाल्या, मान वर न करता, "भाऊजी, ते दात मोजत नव्हते. आमच्या नामाच्या घशात वेळेवर कुणी बघितलं नाही. थंडीचा खोकला म्हणून पाच दिवस काढले आम्ही. तेव्हापासून यांना वाटतं, आपण बघितलं असतं तर."

मी उभा राहिलो. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही नव्हता तेव्हा. तुम्हाला कसं ठाऊक असणार."

मी तेव्हा नव्हतो, हे खरं.

१० फेब्रुवारी

आता तो माझा झाला आहे. सकाळी उठला की माझ्याकडे हात करतो. माझ्या बोटाला धरून उभा राहतो. मी खोलीतून गेलो तर ओरडतो, आवाज अजून नाकातून येतो. दहा महिने मला जे हवं होतं ते हेच.

दादा आत येत नाहीत. जेवायला येतात, पाटावर बसतात, पोराकडे बघत नाहीत, हात धुऊन पुन्हा दुकानात. आजारपणातही दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिले, खोलीत पाऊल टाकलं नाही. सकाळी घसा बघणंही बंद. मालक हा शब्द संक्रांतीपासून मी ऐकलेला नाही.

मला आधी वाटलं की रुसले आहेत. मग वाटलं, घाबरतात. आज भागूने सांगितलं, "ते म्हणाले, माझी नजर वाईट असेल. मी बघत गेलो म्हणूनच आलं असेल. लहानूचं मूल आहे, लहानूला सांभाळू दे."

मी तिला विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? म्हणायचं ते तुम्ही म्हणायचं आहे."

३ मार्च

गोरखला वर्ष झालं. मी पुन्हा कामावर. पंधरवड्याने आलो तर तो मला विसरला नव्हता. हसला, आला. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

पण तो वाळला आहे. वहिनी म्हणतात, दिवसभर पडद्याजवळ जाऊन बसतो. आतून मशीन ऐकतो. पडदा ओढतो. दादा मशीन थांबवत नाहीत, उलट जोराने चालवतात. मग तो तिथेच झोपतो. वहिनी उचलून आणतात.

साहेबांनी सांगितलं, खोली मंजूर झाली. १ एप्रिलपासून. घरी सांगितलं. वहिनी बरं म्हणाल्या आणि पोळ्या लाटत राहिल्या. दादा म्हणाले, "चांगलं झालं. बाप रोज दिसेल त्याला." हे ते टोचून बोलले नाहीत. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च, नाशिक

खोली उद्यापासून, म्हणून आज सामान न्यायला आलो होतो. जेवण झालं. भागू आणि वहिनी मागच्या अंगणात भांडी बांधत होत्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो, गोरख माझ्या गुडघ्याला धरून उभा. पलीकडे मशीन चालू.

त्याने गुडघा सोडला. मला वाटलं बसेल. तो बसला नाही. एक पाऊल टाकलं, हलला, हात पसरले, दुसरं टाकलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याचं हसणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं, सगळं मला कुणीतरी सांगितलं होतं. हे मी बघत होतो, एकटा. पाच पावलं टाकली. माझ्यापासून पडद्यापर्यंत पाच.

पहिल्या पावलाला मला जे वाटलं आणि पाचव्या पावलाला जे वाटलं ते एक नव्हतं. हात लांब केला असता तर झबलं हातात आलं असतं. मी हात लांब केला होता, हे लिहिलं पाहिजे. मग मागे घेतला.

पडदा धरून तो दुकानात शिरला. मशीन थांबलं. मी उठून त्याच्या मागोमाग गेलो.

गोरख दादांच्या पायाशी उभा होता, वर बघत. दादांचे दोन्ही हात मशीनच्या चाकावर होते. ते त्याला म्हणाले, "तिकडे जा. बाबा तिकडे आहेत." मग मी दिसलो तशी नजर खाली गेली. म्हणाले, "मी बोलावलं नाही त्याला, लहानू. तो चालत आला."

"मी बघितलं."

"चालत आला रे."

"हो. पाच पावलं."

थोरल्या भावाची माफी कशी मागतात ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात कुणी कधी मागितली नाही. मी म्हणालो, "दादा, घ्या त्याला. मला गाडी गाठायची आहे."

"गाडी पाचची आहे ना? आत्ता दीड वाजलाय."

"हो. तरी घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात धोतराला पुसले, दोनदा पुसले, आणि त्याला उचललं. गोरखने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि डोळे मिटले. दादांची पाठ माझ्याकडे होती. ती हलत होती. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने आतून ऐकू आलं, "मालक, तोंड उघडा बघू."

भागूला सांगितलं की सामान सोड. तिने गाठोड्याची गाठ सोडताना विचारलं, "म्हणजे पुन्हा पंधरा दिवसांनी?"

"वर्षभर तरी. तुला चालेल का?"

तिने अर्धी सुटलेली गाठ तशीच धरून ठेवली. तिलाही त्या खोलीची आशा लागली होती, हे मला तेव्हा दिसलं. मग म्हणाली, "चालेल. पण येताना तोंड पाडून येऊ नका. पोराला कळतं."

२ एप्रिल, इगतपुरी

खोलीचा कागद साहेबांना परत दिला. ते म्हणाले, "एवढा मागे लागला होतास. बायकामुलं आणायची नाहीत का?"

म्हणालो, "आणीन साहेब. मुलगा जरा मोठा होऊ दे. तिथे त्याचं माणूस आहे."

खोली आता केरू पॉइंट्समनला मिळाली. त्याला तीन मुलं आहेत.

रविवारी निघताना गोरख दादांच्या कडेवर होता. माझ्याकडे आला नाही. टांगा वळेपर्यंत मी तीन वेळा मागे बघितलं, तो दादांच्या कानाशी खेळत होता. मनात तेच जळलं, अगदी डिसेंबरसारखं. मला वाटलं होतं की आता जळणार नाही. जळतं. पण गाडीत बसल्यावर एक गोष्ट आठवत राहिली, की पावलं मी मोजली होती, आणि दादांनी वहिनींना हाक मारून सांगितलं ते असं: "अगं, लहानूने बघितलं. त्यालाच विचार."